दोन लॅब, दोन आकडे: खरा कोणता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून 31 वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांना थायरॉइड निघालं, तेव्हापासून 50 मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात तालुक्याच्या लॅबमध्ये सकाळी उपाशी पोटी रक्त दिलं. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला हॉर्मोन; तो वाढला म्हणजे थायरॉइड मंद) 5.4 आला, ठळक अक्षरात. डॉक्टरांनी गोळी 75 ची केली. मिस्टरांना पटेना, डॉक्टर पैसे काढतात असं त्यांचं म्हणणं, म्हणून आठ दिवसांनी दोघं जळगावला मोठ्या लॅबमध्ये गेले. बस उशिरा पोचली, जेवण झालं होतं, दुपारी रक्त दिलं. तिथे 4.3 आला आणि रिपोर्टवर नॉर्मल. आता घरात वाद पेटला आहे. मिस्टर म्हणतात, नाशिकला तिसरी टेस्ट करू, जे दोन आकडे जुळतील ते खरे. सासूबाईंना मधुमेह आहे. त्या म्हणतात, "मनी शुगर सगळीकडे सारखी येस, मंग हिनीच का नही?" या गोंधळात ताई कधी 50 घेतात, कधी 75, कधी काहीच नाही. दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. नणंदेचं लग्नाचं पाहणं सुरू आहे. तिची पाळी अनियमित म्हणून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) तपासलं, तर एकीकडे 58 आणि दुसरीकडे 1.6! शेवटी लिहितात, "केस फार गळतात म्हणून मेडिकलमधून केसांच्या गोळ्या आणून घेते. कोणती लॅब खरी ते सांगा, आणि जी खोटी निघेल तिची तक्रार कुठे करायची तेही सांगा."

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न सासूबाईंचा आहे. डॉक्टर पैसे काढतात की नाही हा वाद बाजूला ठेवू आणि त्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण उत्तराचं मूळ तिथेच आहे.

रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोज. हा एकच साधा रेणू आहे आणि तुमच्या रक्तात, माझ्या रक्तात, सगळीकडे तो अगदी सारखा असतो. त्यामुळे तो मोजण्याची पक्की पद्धत ठरवता आली. तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट, एचबीए1सी, तिची गोष्ट मात्र वेगळी होती. 1993 साली अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ही सरासरी खाली ठेवली तर डोळे, किडनी आणि नसा वाचतात, हे त्यातून सिद्ध झालं. मग अडचण उभी राहिली की प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळा आकडा देत होतं. कुठला 7 खरा? त्यासाठी 1996 मध्ये एनजीएसपी नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि कंपन्यांनी आपापली मशीन त्या अभ्यासाच्या आकड्यांशी जुळवून घ्यावीत असं ठरलं. पुढे बरीच वर्षं चिकाटीने काम झालं, तेव्हा कुठे आज सासूबाईंचा अमळनेरचा रिपोर्ट आणि धुळ्याचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहता येतो. (त्यालाही अपवाद आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. अशा रक्तात ही तीन महिन्यांची टेस्ट काही मशीनवर चुकते, आणि आजार असेल तर तांबड्या पेशीच लवकर मरतात म्हणून आकडा फसवा येतो. तिथे रोजची साखर पाहावी लागते.)

तेव्हा सासूबाईंना सांगा, तुमची शुगर सारखी येते कारण ती सारखी यावी म्हणून कोणीतरी राबलं आहे. थायरॉइडच्या बाबतीत ते काम अर्धवट आहे.

ते का अडलं आहे, हे समजून घ्या. टीएसएच हा मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून येणारा हॉर्मोन. तो प्रथिनाचा आहे आणि त्याला साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. या साखळ्या सगळ्या रेणूंवर सारख्या नसतात. एकाच माणसाच्या रक्तातही टीएसएचची अनेक रूपं फिरत असतात आणि थायरॉइड मंद झालं की त्यांचं प्रमाण बदलतं. मशीन टीएसएच मोजतं म्हणजे काय करतं, तर त्या रेणूला प्रतिपिंडांनी (अँटिबॉडीजनी) दोन बाजूंनी पकडतं आणि किती पकडले ते प्रकाशावरून ताडतं. प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड वेगळे. एका कंपनीचे काही रूपं घट्ट धरतात, दुसरीचे तीच रूपं सोडून देतात. आकडा वेगळा येतो आणि त्यात कोणाची लबाडी नसते.

आपल्याकडे कापसाच्या हंगामात एकच गाडी दोन काट्यांवर वेगळी भरते, तेव्हा शेतकरी भांडतो आणि ते रास्तच आहे. कारण किलो म्हणजे काय हे साऱ्या जगात ठरलेलं आहे आणि वैधमापन विभाग काट्याला शिक्का मारतो. टीएसएचसाठी तसं शुद्ध वजन अजून कोणाकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा एक नमुना आहे, सगळ्या कंपन्या त्यावरूनच मशीन लावतात. पण तो मृत व्यक्तींच्या पीयूष ग्रंथींपासून काढलेला आहे, आणि त्यातली रूपं जिवंत माणसाच्या रक्तातल्या रूपांशी हुबेहूब जुळत नाहीत. त्यामुळे एकाच नमुन्यावरून लावलेली दोन मशीनही तुमच्या रक्तापाशी आली की वेगळी बोलतात.

जाणकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रयोगशाळा-वैद्यकाच्या आयएफसीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2005 साली थायरॉइडच्या चाचण्या एका मापावर आणण्यासाठी गट नेमला. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या लिंडा थिएनपाँट यांनी त्याचं नेतृत्व केलं. शुद्ध माप मिळत नाही तर निदान सगळ्या मशीनच्या मधला आकडा धरून प्रत्येकाने त्याच्याशी जुळवून घ्यावं, ही त्यांची दिशा. 2017 साली त्यांनी दाखवून दिलं की असं केलं तर मशीनमधली तफावत खूपच कमी होते. मग सगळीकडे लागू का नाही? कारण एका दिवसात सगळे आकडे सरकतील. जुने रिपोर्ट, नॉर्मलच्या मर्यादा, डॉक्टरांच्या मनात पक्के बसलेले आकडे, सगळंच एकदम बदलावं लागेल, आणि डॉक्टर-पेशंटना आधी नीट सांगितलं नाही तर चुकीचे डोस जातील. जपानने या वाटेवर पाऊल टाकलं आहे. आपल्याकडेही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या पेशंटला दरवेळी एकच लॅब निवडण्याची चैन नसते. सरकारी शिबिरात एक मशीन, खासगी दवाखान्यात दुसरं, माहेरी गेलं की तिसरं. भोगावं लागतं ते पेशंटलाच.

आता तुमचे दोन रिपोर्ट. तुम्ही तपशील नीट लिहिलात म्हणून बरं झालं, नाहीतर मीही फक्त मशीनवर बोट ठेवून मोकळी झाले असते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत आकड्यांशेजारी बारीक अक्षरात मर्यादा आहेत, त्या पाहा. अमळनेरच्या रिपोर्टवर 0.27 ते 4.2. जळगावच्या रिपोर्टवर 0.35 ते 4.94. म्हणजे मशीन वेगळी आहेत, त्यांची नॉर्मलची चौकटही वेगळी आहे. तुमच्या घरात मात्र नुसते 5.4 आणि 4.3 हे आकडे भांडत आहेत, चौकटी कोणी पाहिल्याच नाहीत. जळगावच्या 4.3 वर नॉर्मल लिहिलं. तोच 4.3 अमळनेरच्या लॅबमध्ये आला असता तर तिथेही ठळक छापला गेला असता. रिपोर्ट वाचताना आकडा आणि त्याच लॅबची मर्यादा ही जोडी कधी फोडू नका.

पुढे वेळ. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री उशिरा आणि पहाटे चढतो, दुपारी उतरतो. पहिलं रक्त सकाळचं, दुसरं दुपारचं जेवणानंतरचं. नुसत्या यानेही आकडा खाली येतो. एकाच माणसाचा टीएसएच दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी 50 टक्क्यांपर्यंत बदललेला दिसतो.

आणि त्या आठ दिवसांत तुम्ही वाढवलेली गोळीही थोडीफार घेतलीच होती. गोळीतलं थायरॉक्सिन शरीरात हळूहळू साचतं आणि हळूहळू उतरतं. डोस बदलला की टीएसएच नव्या जागी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठव्या दिवशीचा टीएसएच म्हणजे ना जुन्या डोसचा, ना नव्या डोसचा. डॉक्टर इतक्या लवकर तपासायला सांगत नाहीत ते याचसाठी.

म्हणजे मशीन वेगळं, वेळ वेगळी, डोस वेगळा. एवढं सगळं वेगळं असताना 5.4 आणि 4.3 आले, यात मला कोणत्याही लॅबचा खोटेपणा दिसत नाही. हे आकडे इतके जवळ आले हीच मोठी गोष्ट म्हणायची.

आता मिस्टरांची तिसऱ्या टेस्टची कल्पना. दोन आकडे जुळले की खरे, हे पंचायतीत चालतं, इथे चालत नाही. नाशिकच्या लॅबमध्ये जळगावसारखंच मशीन असेल तर नाशिक आणि जळगाव जुळतील. अमळनेरसारखं असेल तर नाशिक आणि अमळनेर जुळतील. त्यातून एवढंच कळेल की कोणत्या दोन लॅबनी एकाच कंपनीचं मशीन घेतलं आहे. जाण्या-येण्याचं भाडं, टेस्टचे पैसे आणि मिस्टरांचा एक रोज, एवढं घालवून हाती हेच येणार असेल तर त्यांना नम्रपणे थांबवा. मोठं शहर म्हणजे खरा रिपोर्ट, असंही नसतं. बऱ्याच वेळा तालुक्याची लॅब रक्त घेते आणि हॉर्मोनचं सँपल संध्याकाळच्या गाडीने मोठ्या लॅबकडेच जातं. तुम्हाला वाटतं तुम्ही अमळनेरला तपासलं, प्रत्यक्षात मशीन मुंबईतलं असतं. पुढच्या वेळी मुंबईची लॅब बदलली की मशीन बदललं, आणि तुम्हाला कोणी सांगत नाही.

म्हणून काउंटरवर सरळ विचारा, "हे सँपल इथेच लागतं की बाहेर जातं? कोणत्या लॅबमध्ये?" इथे सँपलच्या प्रवासाचंही सांगून ठेवते. रक्त नळीत घेतल्यावर अर्धा तास गोठू द्यायचं, मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, म्हणजे वरचं पिवळसर सिरम वेगळं होतं. ते थंड पेटीतून जायला हवं. टीएसएच तसा टिकाऊ, थोडी हयगय सोसतो. पण एसीटीएचसारखे काही हॉर्मोन खोलीच्या तापमानातही पटकन मोडतात, त्यांची नळी बर्फातच ठेवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. अशा वेळी डॉक्टरांनी नाजूक हॉर्मोन सांगितला असेल, तर जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्यावं. या कामासाठी जळगाव किंवा धुळ्याचा फेरा वाया जात नाही.

आता ज्या गोष्टीवर तुमच्या घरात कोणीच बोलत नाही, तिच्याकडे वळते. तुम्हाला दुसरं बाळ हवं आहे. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या बाईचा टीएसएच 2.5 च्या खाली असलेला बरा, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बाळाचा मेंदू घडायला सुरुवात होते तेव्हा पहिले काही आठवडे ते आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं, म्हणून ही काळजी. आता तुमचे दोन्ही आकडे घ्या. 5.4 हा 2.5 च्या वर आहे. 4.3 पण वरच आहे. म्हणजे लॅब कोणतीही खरी धरली तरी डॉक्टरांपुढचा निर्णय बहुधा तोच राहतो. ज्या वादासाठी घर दुभंगलं, त्याचं उत्तर कोणत्याही बाजूने लागलं तरी तुमच्या गोळीत फरक पडत नाही. रिपोर्टवरचं "नॉर्मल" सर्वसाधारण माणसासाठी छापलेलं असतं. तुमच्या मनात काय आहे हे मशीनला माहीत नसतं.

डॉक्टरांना मात्र ते माहीत असायला हवं. तुम्ही त्यांना बाळाचा विचार सांगितला आहे का? पत्रावरून तसं वाटत नाही. त्यांनी अंदाजाने डोस वाढवला असेल किंवा आकडा पाहून. या आठवड्यात जा, दोन्ही रिपोर्ट न्या, आणि गोळी मधे कशी-कशी घेतलीत तेही लपवू नका. ते रागावले तर रागावू द्या. कधी 50, कधी 75, कधी सुट्टी असं चाललं तर पुढचा कोणताही आकडा वाचता येणार नाही, मग तो जगातल्या कितीही चांगल्या मशीनवरचा असो. डॉक्टर जो डोस ठरवतील तो सहा ते आठ आठवडे न चुकता घ्या. सकाळी उठल्यावर, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा ते एक तास आधी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब. बाटली चुलीपाशी किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. हे औषध उष्णता आणि ओलावा दोन्हींनी कमजोर होतं. घरातल्या सगळ्यात गार खोलीतलं कपाट त्यासाठी ठेवा, आणि आठवडाभराच्या गोळ्या आधीच डबीत काढून ठेवण्याऐवजी मूळ बाटलीतच राहू द्या.

मग त्या आठवड्यांनंतर पुन्हा टीएसएच करा. त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच सुमाराला, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घेऊन. लॅब कोणती, हे मी सांगणार नाही. अमळनेरची सोयीची असेल तर अमळनेरची ठेवा. एक निवडायची आणि धरून राहायचं. तुमची तुलना तुमच्याच मागच्या रिपोर्टशी व्हायला हवी, शेजारणीच्या किंवा दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टशी नाही. काही कारणाने लॅब बदलावीच लागली, तर डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते पहिला आकडा नवीन सुरुवात म्हणून धरतील.

आणि केसांच्या गोळ्या. तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत, पण मी तिथेच थबकले. त्या पाकिटावर बायोटिन किती लिहिलं आहे ते वाचा. माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या केसांच्या कित्येक गोळ्यांत 5 किंवा 10 मिलिग्रॅम, म्हणजे 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम असतं. ते शरीराला सहसा अपाय करत नाही, पण काही मशीनना फसवतं. बऱ्याच कंपन्यांच्या टेस्टमध्ये प्रतिपिंड पकडून ठेवायला बायोटिनचाच चिमटा वापरलेला असतो. रक्तात आधीच ढीगभर बायोटिन असेल तर चिमट्याची जागा अडते. मग टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी4 (थायरॉइडचा स्वतःचा हॉर्मोन) खोटाच जास्त. म्हणजे थायरॉइड मंद असलेल्या बाईचा रिपोर्ट थायरॉइड वाढल्यासारखा येऊ शकतो आणि गोळी कमी केली जाऊ शकते! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. सगळ्या मशीनवर हे होत नाही, काही कंपन्यांनी पद्धतही बदलली आहे. पण तुमच्या लॅबचं मशीन कोणतं ते काउंटरवरच्या मुलाला सांगता येईलच असं नाही. म्हणून रक्त देण्याच्या निदान दोन दिवस आधी ही गोळी बंद करा, आणि डॉक्टरांना ती चालू असल्याचं सांगा. तुम्ही ती कधीपासून घेता हे लिहिलेलं नाही. जळगावच्या रिपोर्टआधी घेत असाल, तर ज्या रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं आहे त्याच्यावरच जास्त शंका घ्यावी लागेल.

तुमचे केस थायरॉइडमुळेच गळत असण्याची शक्यता बरीच आहे, शिवाय रक्तात लोह कमी असलं तरी गळतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. गोळी नीट चालू झाली की केसांना काही महिने द्या.

आता नणंदबाई. 58 आणि 1.6 यात आकाश-पाताळाचा फरक दिसतो, पण ही दोन वेगवेगळी मापं आहेत. 58 म्हणजे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. 1.6 म्हणजे नॅनोमोल प्रति लिटर. दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करायला 28.84 ने गुणायचं. उत्तर येतं 46. म्हणजे खरी तुलना 58 आणि 46 ची आहे. कुठे 0.58 असं दिसलं तर घाबरू नका, ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधलं तेच 58 आहे.

58 आणि 46 मधला फरकही मशीनचाच असू शकतो. पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन बायकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. नेहमीची प्रतिपिंडांची टेस्ट त्या वरच्या पातळीवर बरी चालते. बायकांच्या खालच्या पातळीवर ती अडखळते, कारण सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या हॉर्मोनलाही ती चुकून मोजते. 2007 मध्ये अमेरिकेतल्या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने हे स्पष्ट लिहिलं. 2010 पासून तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने टेस्टोस्टेरॉनच्या टेस्ट एका मापावर आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मूळ पद्धतीपासून सरासरी फरक 6.4 टक्क्यांच्या आत असेल तरच तिथे प्रमाणपत्र मिळतं. टेस्टोस्टेरॉनचं नशीब टीएसएचपेक्षा बरं, कारण तो एकच ठरलेला रेणू आहे आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (एलसी-एमएस) त्याचं नेमकं वजन करता येतं. डॉक्टरांना आकडा महत्त्वाचाच वाटला, तर त्यांना "एलसी-एमएस पद्धतीने करायचं का?" एवढं विचारा. मोठ्या लॅबकडे ती सोय असते. रक्त सकाळी द्यायचं. पाळी आणायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं, त्या गोळ्यांनी आकडा उतरतो.

पण पीसीओएस, म्हणजे अंडाशयाच्या ज्या विकाराच्या शंकेने ही टेस्ट करतात तो, एका आकड्यावर ठरत नाही. 2003 पासून जगभर तीन गोष्टी पाहतात: अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोन वाढल्याची चिन्हं (चेहऱ्यावरचे केस, मुरुमं किंवा रक्ताचा आकडा), आणि सोनोग्राफीतलं अंडाशय. तीनपैकी दोन असतील आणि दुसरी कारणं वगळली असतील तर पीसीओएस म्हणतात. 58 असो की 46, तिची पाळी आणि तिचं अंग काय सांगतं ते डॉक्टर आधी पाहतील. आणि ताई, वडिलकीच्या नात्याने एक सांगते. पाहणं चालू आहे म्हणून तो रिपोर्ट तिच्या पाठीमागे चार जणांच्या हातात फिरू देऊ नका. तो तिचा आहे. कोणाला, कधी सांगायचं हे तिला ठरवू द्या, तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहा.

तक्रारीचं विचारलंत. आकडे वेगळे आले म्हणून तक्रार होत नाही, हे आता पटलं असेल. पण लॅबकडून काही गोष्टी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि आपले लोक तो वापरत नाहीत. रिपोर्टवर माप, मर्यादा आणि पद्धत छापलेली हवी. पद्धतीच्या जागी सीएलआयए किंवा ईसीएलआयए अशी अक्षरं असतात. रक्त किती वाजता घेतलं तेही हवं. लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हे विचारा. ती आपल्याकडे ऐच्छिक आहे, आणि मान्यता प्रत्येक टेस्टला वेगवेगळी मिळते. फलकावर चिन्ह आहे म्हणून टीएसएचही त्यात आलं असं समजू नका. मान्यता नसलेली लॅबही चांगली असू शकते. तिला विचारा, "बाहेरून कोणी तुमची तपासणी करतं का?" वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरातल्या लॅबना नमुने पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहतं. त्यात आपल्याकडच्या छोट्या लॅबही भाग घेऊ शकतात. जी लॅब हे अभिमानाने दाखवते तिच्याकडे मी डोळे मिटून जाईन. आणि कधी आकडा अगदीच अशक्य वाटला, म्हणजे तब्येत ठणठणीत आणि टीएसएच 60, तर तक्रारीआधी "त्याच सँपलवर पुन्हा लावून द्या" असं म्हणा. लॅब सँपल थोडे दिवस ठेवतात. नावाची अदलाबदल झाली असेल तर तिथेच उघडी पडते. तरीही उडवून लावलं, तर आधी लॅबच्या डॉक्टरांना लेखी द्या, मग मान्यता असेल तर एनएबीएलकडे, आणि नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे.

मिस्टरांशी बोलताना माझं नाव पुढे करा, चालेल. त्यांना सांगा की ते जळगावला घेऊन गेले ते काळजीपोटी, हे मला दिसतंय. फक्त ती काळजी आता तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे जाण्यात वापरा म्हणावं. रिपोर्टची एक फाइल करा. प्रत्येक कागदावर पेनाने लिहा: लॅब, वेळ, त्या दिवशी कोणता डोस चालू होता, आणि केसांची गोळी बंद होती की नाही. हे काम मिस्टरांकडेच द्या, त्यांना हिशेब ठेवायला आवडत असणार.

टीएसएच जागेवर आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचा विचार करा. आणि पाळी चुकली की तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता लगेच टेस्ट करून डॉक्टरांना कळवा. गर्भारपणात थायरॉइडची गरज वाढते, डोस बहुतेकींना पाव हिश्शाने तरी वाढवावा लागतो, आणि तो लवकर वाढवण्यातच फायदा असतो. "दिवस गेले तर लगेच काय करायचं?" हे डॉक्टरांना आत्ताच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पहिल्या चार-पाच महिन्यांत तपासणी साधारण दर चार आठवड्यांनी होते. ती सगळी एकाच लॅबमध्ये आणि सकाळीच व्हायला हवी, म्हणून बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर तोवर इथेच राहायचं की तिकडची लॅब धरायची, हे घरात आधीच ठरवून टाका.